नाव नसलेला जीव

अरबी कादंबरीसाठीचे मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक २०१४ साली अबू धाबी येथे जाहीर झाले, ते बगदादच्या अहमद सादावी यांना. हा मान मिळविणारे ते पहिले इराकी लेखक. पुस्तकाचे नाव 'बगदादमधील फ्रँकेन्स्टाईन'. आम्ही त्याचे इंग्रजी भाषांतर वाचले आणि शाळेत असताना वाचलेले मूळ 'फ्रँकेन्स्टाईन' पुन्हा हाती घेतले.

पुष्कळांना वाटते, फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाचे नाव. वास्तविक ते त्याला घडविणाऱ्या विद्यार्थ्याचे. घडविलेल्या जीवाला नावच नाही. १८२३ साली लंडनला या गोष्टीवर नाटक झाले, तेव्हा पात्रांच्या यादीत त्याच्या जागी नुसती रेघ छापली होती!

पुस्तक १८१८ साली निघाले तेव्हा लेखिका मेरी शेली अवघी वीस वर्षांची होती. तिच्या जन्माच्या वेळी आईची वार पडली नाही. डॉक्टरांनी ती हाताने तुकडे तुकडे करून काढली आणि अकरा दिवसांनी ती माउली बाळंतज्वराने गेली. हातांची स्वच्छता तेव्हा कोणास ठाऊक! पुढे १८१५ साली मेरीचे स्वतःचे पहिले बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. बाळाला शेकोटीपुढे चोळले आणि ते जिवंत झाले, असे स्वप्न तिला पडले. बाळंतिणींच्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या आम्हांस ही कादंबरी भुतांची वाटत नाही. जीव डोळे उघडतो आणि घडविणारा खोलीतून पळून जातो, तिथेच सारा घात होतो.

आपल्या तालमूदातही रावाने माणूस घडविल्याची गोष्ट आहे. रब्बी झेरा त्याच्याशी बोलले, उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी त्याला मातीत परत जाण्यास सांगितले. त्याला वाचा नव्हती म्हणून हे सोपे गेले. शेलीचा जीव मात्र बोलायला शिकतो आणि जाब विचारतो.

सादावींची गोष्ट २००५ सालच्या बगदादची. बतावीन हा एके काळचा यहुद्यांचा मोहल्ला. १९५०-५१ मध्ये सुमारे १,२०,००० यहुदी इराक सोडून इस्राएलला आले. तेथील 'यहुद्याचे खंडार' म्हटल्या जाणाऱ्या घरात हादी हा भंगारवाला राहतो. त्याचा सोबती स्फोटात मरतो. शवागारात प्रेतांचे अवयव एकमेकांत मिसळलेले. तेथला माणूस सांगतो, यातून एक देह जुळवा आणि न्या. त्यानंतर हादी रस्त्यावरचे तुकडे गोळा करून शिवतो, एवढ्याचसाठी की त्यांना कचरा न समजता रीतसर पुरावे. पण एका मृत पहारेकऱ्याचा आत्मा त्यात शिरतो आणि देह उठून चालू लागतो. हादी त्याला 'शेस्मा' म्हणतो, म्हणजे आपल्या भाषेत 'अमका'.

शेजारी एलिश्वा नावाची ख्रिस्ती म्हातारी. तिचा मुलगा दानियल वीस वर्षांपूर्वी लढाईवर गेला तो परतलाच नाही. ती अमक्याला दानियल म्हणून हाक मारते, मुलाचे कपडे देते. तरी तो सूडाला निघतोच. ज्याचा सूड घेतला त्याचा अवयव गळून पडतो, मग नवे मांस हवे, मग निरपराध्याचेही चालते.

एलिश्वाच्या मुली मेलबर्नला. इकडे ये, असे त्या फोनवर विनवीत राहतात. (आपल्यापैकी कितीजणांनी मुंबईला असेच फोन केले!) ती ऐकत नाही. शेवटी दानियलसारखाच दिसणारा नातू येतो, आणि म्हातारी त्याच्याबरोबर निघून जाते. अमका बगदादमध्येच राहतो.