ओवीचं माहेर

१९०३ साल, मार्गशीर्षातली पहाट. भीमथडी तालुक्यातलं पाटस. रेल्वे इथं १८५८ पासून धावते, पण आगीनगाडीची शिट्टी व्हायच्या आधी गावाला जाग येते ती जात्याच्या घरघरीनं. तुम्ही एका पडवीच्या कोपऱ्यात, दिव्याच्या उजेडात उभे आहात. समोरासमोर दोन जावा बसल्यात. दोघींचा एकेक हात खुंट्यावर, शेजारी सुपात बाजरी. संवत छप्पन्नच्या (१८९९-१९००) दुष्काळाची झळ अजून विसरलेली नाही, त्यामुळे सांडलेला दाणाही चिमटीनं उचलला जातो.

थोरली सुप्याची, धाकटी भीमेपलीकडच्या न्हावऱ्याची. धाकटी भावाची ओवी सुरू करते. दोनच ओळी, पण ती पहिल्या ओळीचा अर्धा तुकडा परत घेते, मध्ये एक ‘गं बाई’ घालते, आणि शेवटचं अक्षर जातं पाऊण फेरा घेईपर्यंत लांबवते. थोरली दुसरी ओळ उचलते ती मात्र सरळ, कुठंही न रेंगाळता. जातं अडखळतं.

“आमच्यात अशी न्हाई म्हणत.”

“आमच्याकडं अशीच म्हणतात, अक्का.”

वाद तिथंच थांबतो, कारण दळण संपायचंय. जरा निरखून बघा. घास घालायला थोरलीचा हात खुंट्यावरून सुटतो. सगळा भार धाकटीवर येतो, फेरा मंदावतो, तशी तिची ओळ आपसूक लांबते. पुढच्या खेपेला थोरलीही तिथं जरा रेंगाळते. सुपातली बाजरी सरेपर्यंत या घरात तिसरीच चाल तयार झालेली असते. ती ना सुप्याची, ना न्हावऱ्याची. भावाचं नाव तर केव्हाच बदललंय. ओवीत त्या जागी जी गाते तिच्या भावाचं नाव बसतं, आणि नाव तीन अक्षरांचं असो की पाच, चालीला तेवढं सरकून घ्यावंच लागतं.

आता चालींचा असाच घोळ बघायला याच वर्षात राहून शिकागोला चला. तिथले पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील मूळचे आयर्लंडचे. रात्री घरी परतल्यावर ते आयरिश संगीतातल्या चाली गोळा करतात. त्यांना स्वरलिपी लिहिता येत नाही. ते वाजवून दाखवतात आणि त्यांच्याच खात्यातले जेम्स ओनील लिहून घेतात. १९०३ मध्येच त्यांचा १,८५० चालींचा संग्रह छापून निघतो. त्यांच्यापुढचा पेच तुमच्या ओळखीचा आहे: ‘रील’ हा नाचाचा प्रकार, त्यातली एकच चाल एका परगण्यात एका नावानं, दुसऱ्यात दुसऱ्या, कुणी एक वळण जास्त घेतो, कुणी गाळतो. छापायचं म्हटलं की त्यातलं एक रूप निवडावं लागतं. मग कागदावर आलेलं तेच खरं, असं पुढचे लोक धरून चालतात.

पाटसच्या ओवीवर कागदावर उतरायची वेळ फार उशिरा आली. साठ-सत्तर वर्षं पुढे सरका. विजेची चक्की आली, पायलीभर दळण काही मिनिटांत होऊ लागलं. मनगटं सुटली, ते बरंच झालं. पहाटे तीनला उठून दळायची हौस कुणालाच नव्हती. पण दोघींनी समोरासमोर बसायची जागा गेली, आणि चालीला चाल घासायची सोयही गेली.

मग १९८० आणि १९९० ची दशकं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघा अभ्यासकांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखावर ओव्या उतरवल्या गेल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळानं त्या लोकांपुढे आणल्या. तिथं ओवीपाशी गाणारणीचं नाव आणि गाव असतं. एकच विषय, एकच कल्पना, आणि गावागणिक वेगळे शब्द. यातली मूळ ओवी कोणती, हे विचारण्यात हशील नाही. बदलणं हाच तिचा टिकण्याचा मार्ग होता.

शेवटचा मुक्काम आजच्या काळातला, ज्येष्ठ वद्यातला. तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसला आलीय, दुपारच्या विसाव्यानंतर रोटी घाट चढायचाय. रस्त्याच्या कडेला उभे राहा. एक दिंडी ओळखीचा अभंग ठाय लयीत म्हणत जाते. मागची दिंडी त्याच अभंगाला वेगळी चाल लावून पखवाजावर पावली टाकत येते. कुणी कुणाला चूक म्हणत नाही. दोन चाली ऐकून तिसरी लावणारा टाळकरी याच गर्दीत कुठंतरी चालत असतो.

जात्यावर मात्र आता तसं कुणी बसलेलं नाही. म्हणून घरात एखादी आजी अजून ओवी म्हणत असेल, तर मोबाइलवर घ्याच. पण तेवढ्यावर थांबू नका. तिचं सासरचं गाव सगळ्यांना ठाऊक असतं. तिचं माहेर कुठलं आणि तिच्यासमोर खुंट्याला हात लावून बसायची ती कुठल्या गावची, हे विचारून घ्या. ओवीत जे वळण तुम्हाला अनोळखी वाटेल, ते बहुधा त्या दोन गावांपैकी एकातून आलेलं असेल.