जादूची कांडी (रिमोट)

हाताच्या हालचाली ओळखून दूरचित्रवाणी संच, सेट-टॉप बॉक्स, ध्वनियंत्रणा इत्यादी उपकरणे चालवणारा छडीच्या आकाराचा रिमोट. बाहेरून ही लाकडी कांडी वाटते. आत त्वरणमापक, सूक्ष्मनियंत्रक, अवरक्त किरण सोडणारा डायोड आणि बारीक पेन्सिल सेल असतात. या जातीतली सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे इंग्लंडमधल्या ‘द वाँड कंपनी’ने 2009 साली बाजारात आणलेली ‘कायमेरा’. तिच्यावर बटण एकही नाही. ख्रिस बर्नार्डो आणि रिचर्ड ब्लेक्सली हे तिचे जनक. ‘ड्रॅगन्स डेन’ या बीबीसीच्या कार्यक्रमात 2010 साली त्यांनी गुंतवणूकदारांसमोर कांडी फिरवून दाखवली आणि डंकन बॅनटाइन यांनी दोन लाख पौंड गुंतवण्याची तयारी दाखवली. रिमोटसारख्या कंटाळवाण्या वस्तूसाठी व्यवहारी माणसांचे डोळे चमकले, हीच या नोंदीची खरी सुरुवात.

मराठीत ‘जादूची कांडी’ हा शब्दप्रयोग बहुधा नकारातच येतो. मंत्र्यापासून मुख्याध्यापकापर्यंत कोणीही ‘माझ्याकडे काही जादूची कांडी नाही’ असे म्हणून हात वर करतो. कांडी फिरली की कष्ट संपले, हा त्यामागचा समज. रिमोटच्या रूपातली कांडी मात्र उलट वागते. ती कष्ट थोडे वाढवते. बटण दाबायला बोटाची एक पेरभर हालचाल पुरते, कांडीला मनगट लागते, शिवाय सराव लागतो. तरीही लोक तिच्यावर भाळतात.

दूरनियंत्रणाचा इतिहास पाहिला तर त्यात आळस आणि अद्भुत या दोन प्रेरणा पहिल्यापासून शेजारी नांदताना दिसतात. अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने 1939 साली रेडिओसाठी बिनतारी नियंत्रक काढला, त्याचे नाव ‘मिस्टरी कंट्रोल’. लाकडी पेटीवर टेलिफोनसारखी तबकडी फिरवली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टेशन बदलत असे. झेनिथ कंपनीच्या 1950 च्या वायरवाल्या रिमोटचे नाव सरळ ‘लेझी बोन्स’ होते. त्याच कंपनीत यूजीन पॉली यांनी 1955 साली ‘फ्लॅश-मॅटिक’ बनवला. तो पिस्तुलासारखा दिसणारा टॉर्च होता आणि टीव्हीच्या कोपऱ्यांवर उजेड मारला की संच आज्ञा पाळत असे. खिडकीतून ऊन आले तरीही पाळत असे, म्हणून पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. त्यात सेलसुद्धा नव्हते. बटण दाबताच छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा स्वर निघे. म्हणजे रिमोटच्या पोटात कांडी फार आधीच शिरली होती, फक्त ती फिरवायची नव्हती. पुढे अवरक्त किरणांचे रिमोट आले, स्वस्त झाले, बटणे वाढत गेली आणि अद्भुत मागे पडले. सोफ्याच्या फटीत हरवणारा, सेलच्या झाकणाऐवजी चिकटपट्टी लावलेला तो काळा ठोकळा पाहून आता कोणाला कसली जादू आठवणार?

कांडीची कार्यपद्धती दोन तुकड्यांत समजते. पहिला तुकडा हालचाल ओळखण्याचा. त्वरणमापकात सिलिकॉनचे अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते. कांडी झटकली की वजन मागे राहते, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्यामुळे विद्युत्‌धारिता बदलते. हे मोजमाप तीन अक्षांवर एकाच वेळी चालते. कांडी स्थिर असतानाही गुरुत्वाकर्षण जाणवत राहते, त्यामुळे ती किती कललेली आहे आणि कोणत्या अंगावर वळली आहे हे कळते. आवाज वाढवण्यासाठी कांडी आडवी धरून किल्लीसारखी पिळता येते ती याच आधारावर. तीच कांडी उभी धरून पिळली तर तिच्या तिन्ही अक्षांच्या दृष्टीने गुरुत्वाची दिशा बदलतच नाही आणि त्वरणमापक आंधळा होतो. नवशिक्याची निम्मी तक्रार इथे उगम पावते. दुसरा तुकडा नेहमीच्या रिमोटचाच. सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकणारा अवरक्त प्रकाश, त्याच्या लांबआखूड स्पंदांत दडवलेला संकेत. डोळ्यांना तो दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर बहुतेकदा फिकट जांभळा ठिपका दिसतो. झटक्याच्या शेवटी टोक छताकडे असले तरी काम होते, कारण हा प्रकाश भिंती-छतावरून परावर्तित होऊन संचापर्यंत पोहोचतो.

कायमेराला 13 हालचाली कळतात. चारही दिशांना झटका, दोन्ही बाजूंना पिळणे, पुढे भोसकणे, मागे ओढणे, वरून आणि बाजूने एक वा दोन टिचक्या, आणि एक मोठा फटकारा. कोणत्या हालचालीला कोणते काम, हे मालक ठरवतो. मूळ रिमोट कांडीच्या टोकासमोर धरून हवे ते बटण दाबले की त्याचा संकेत कांडी स्मरणात ठेवते. आज्ञा समजल्याची पोच ती मुठीतल्या थरथरीने देते, आणि हा तिच्या रचनेतला सर्वांत हुशार भाग मानावा लागेल. पडदा नाही, दिवा नाही. कांडी जिवंत असल्याची खूण फक्त धरणाऱ्यालाच मिळते, बघणाऱ्याला नाही. नुसत्या सरावासाठीही एक सोय आहे. त्यात संकेत न पाठवता कोणती हालचाल ओळखली गेली, एवढेच थरथरीच्या मोजणीतून कळते.

कांडीबद्दलच्या उत्साहाचे मर्म या सरावात आहे. चुकलेले बटण म्हणजे नुसती चूक, चुकलेला झटका मात्र शिष्याची चूक असते. ती सुधारता येते आणि सुधारल्याचा अभिमान वाटतो. शिवाय कारण झाकलेले आणि परिणाम उघडा, अशी स्थिती पाहुण्यांसमोर निर्माण करता येते. कांडी विकत घेणारे बहुतेक प्रौढ असले तरी ती पहिल्यांदा फिरवली जाते ती कोणाच्या तरी समोर. ‘हॅरी पॉटर’चे पहिले पुस्तक 1997 सालचे, पहिला चित्रपट 2001 चा. त्यांवर वाढलेली पिढी 2009 पर्यंत स्वतःचा टीव्ही घेण्याच्या वयात आली होती, हा योगायोग उत्पादकांच्या पथ्यावर पडला. याच कंपनीने 2012 साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेतल्या सॉनिक स्क्रू ड्रायव्हरचा रिमोट काढला.

मर्यादा बऱ्याच आहेत. 13 हालचालींत 40 बटणांचा रिमोट मावत नाही. तीन-तीन आकडी वाहिनी क्रमांक असलेल्या आपल्याकडच्या सेट-टॉप बॉक्ससमोर कांडीवाल्याला एकेक वाहिनी चढत-उतरत जावे लागते. टीव्हीला जोडायच्या काही स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांची भाषा कांडीला येत नाही. एसीची अडचण अधिक गमतीची आहे. टीव्हीचे ‘आवाज वाढव’ हे बटण तेवढेच सांगते. एसीचा रिमोट मात्र प्रत्येक दाबाला तापमान, पंख्याचा वेग आणि चालू-बंद अशी सगळी स्थिती एकत्र पाठवतो. त्यामुळे कांडीला एसीचे ‘वाढव’ शिकवायला गेले तर ती ‘25 अंश’ शिकते आणि कितीही फटकारली तरी 25 वरच अडून बसते. छताच्या बीएलडीसी पंख्यांशी तिचे जमण्याची शक्यता जास्त; भारतीय घरांत हे पंखे झपाट्याने आले आणि त्यांतल्या अनेकांचे रिमोट अवरक्त किरणांवरच चालतात.

कल्पना एकट्या कायमेराची नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील अँड्र्यू विल्सन आणि स्टीव्हन शेफर यांनी 2003 साली ‘एक्सवाँड’ मांडली होती. खोलीतल्या दिव्याकडे रोखून तो लावण्याची सोय तिच्यात होती. निन्टेन्डोच्या वी या खेळयंत्राने 2006 साली हातवारे घरोघर नेले आणि उत्साहाच्या भरात हातातून सुटलेल्या रिमोटांनी टीव्हीचे पडदेही फोडले. मनगटाचे पट्टे अधिक मजबूत करून बदलून देण्याची वेळ त्या कंपनीवर आली. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो येथे 2014 साली उघडलेल्या ‘डायगॉन ॲली’ या ‘हॅरी पॉटर’वर बेतलेल्या मनोरंजन उद्यानातील कांड्या तर पूर्ण मठ्ठ असतात. टोकाशी फक्त प्रकाश परतवणारा मणी, आणि सगळी अक्कल दुकानांच्या खिडक्यांत लपवलेल्या कॅमेऱ्यांकडे. तिथे कांडी काही करत नाही, तिच्याकडे पाहिले जाते.

अलीकडे विकत घेण्यापेक्षा कांडी घरी बनवण्याकडे ओढा दिसतो. पीट वॉर्डन आणि डॅनियल सिट्यूनायाके यांच्या ‘टायनीएमएल’ या पुस्तकात चिमुकल्या चिपवर चेताजाल चालवून हवेत काढलेल्या तीन आकृत्या ओळखणारी कांडी आहे. इथे हालचालींचे नियम कोणी लिहून ठेवत नाही. शेकडो झटक्यांच्या नमुन्यांवरून यंत्र स्वतः शिकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एमपीयू-6050 हा संवेदक, ईएसपी32 चा बोर्ड आणि अवरक्त एलईडी एकाच फेरीत मिळून जातात. कवचासाठी पीव्हीसी नळी चालते, पण हौशी मंडळी लाटण्याच्या आकाराचे लाकूड सुताराकडून पोखरून घेतात.