दिवेलागणीचा परवचा
महाराष्ट्रातल्या पांढरपेशा घरांत लहान मुलांचे धर्मशिक्षण बराच काळ परवच्यातून होत असे. दिवेलागण झाली की मुले हातपाय धुऊन देवासमोर बसत. शुभंकरोति, रामदासांचे मारुतिस्तोत्र, रामरक्षा झाली की त्याच दमात तिथी, महिने, सत्तावीस नक्षत्रे, प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरे आणि शेवटी पाढे. पंतोजींच्या शाळेतही संध्याकाळी असाच घोष चाले. वारकरी घरांत याच वेळी हरिपाठ होई.

शुभंकरोति आणि श्लोक बहुधा आई किंवा आजी तोंडी पाठ करून घेई, अक्षरओळख होण्याच्याही आधी. पाढ्यांना आजोबा किंवा वडील बसत. अर्थ सांगण्याची पद्धत नव्हती. उच्चार चुकला की मात्र ओळ पुन्हा म्हणावी लागे.

स्तोत्रे आणि पाढे यांत घराने कधी भेद केला नाही. पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे रोजच्या व्यवहाराचे होते. दीड आणा शेर भावाचा सात शेर माल घेतला, तर दिडकी पाठ असलेला मुलगा साडेदहा आणे हे उत्तर बोटे न मोडता देई. पंचांग कळायलाही तिथी-नक्षत्रे लागतच.

ही मोट सुटली ती बाहेरच्या बदलांमुळे. 1854 च्या शिक्षणविषयक सरकारी खलित्याने सरकारी शाळांतले शिक्षण धर्मनिरपेक्ष ठरवले. हिशेब शाळेकडे आणि देवधर्म घराकडे, अशी वाटणी हळूहळू रुजली. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त श्याम रामरक्षा हाताने उतरवून घेतो, तो आईच्या आग्रहामुळे. धर्मशिक्षणाचा भार आईवर किती होता, हे या प्रसंगातून दिसते. मात्र ते कोकणातल्या एका ब्राह्मण घराचे चित्र आहे, साऱ्या महाराष्ट्राचे नव्हे.

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, मागोमाग शेर-मण गेले, आणि पावकी-दिडकीची गरज सरली. राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षण देता येत नाही, त्यामुळे स्तोत्रे शिकवण्याचे काम घराकडेच राहिले. विजेचे दिवे, गृहपाठ आणि आईची नोकरी यांत संध्याकाळची ठरलेली वेळही मोडली. ज्या घरांत परवचा टिकला तिथे तो बहुतेक शुभंकरोति आणि एखाद्या स्तोत्रापुरता उरला. पाढे मुले आता शाळेतच शिकतात.