घटप्रभेची झेप : गोकाकचा धबधबा आणि जलशक्तीचा इतिहास

१/ बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ घटप्रभा नदी वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली झेपावते. कड्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा. काठावर महालिंगेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आहे, दरीवर झुलता पूल आहे आणि शेजारीच कापसाची गिरणी. हे शेजारपण योगायोगाचे नाही.

२/ घटप्रभा सह्याद्रीची लेक. आंबोलीची हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज ओलांडून तिला मिळते. कोकणाच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस असा गोकाकच्या कड्यावर येऊन गर्जतो.

३/ १८८५ मध्ये ‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली आणि १८८७ मध्ये गिरणी सुरू झाली. परिसर कापूस पिकवणारा, पण दगडी कोळशाच्या खाणी फार दूर. वाफेच्या इंजिनाला पर्याय कड्यावरच होता.

४/ हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला १ घनमीटर पाणी ५२ मीटर खाली पडले, तर त्यात सुमारे ५१० किलोवॅट शक्ती असते. पाणी नळांतून खाली सोडून टर्बाइन फिरवले की त्यातील मोठा भाग हाती येतो.

५/ ‘१८८७ मध्येच येथे वीज निर्माण झाली’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मात्र जलशक्ती म्हणजे वीजच असे नव्हे. टर्बाइनची गती थेट यंत्रांनाही देता येते. कंपनीच्या नावातही ‘शक्ती’ आहे, ‘वीज’ नाही. भारतातील पहिले जलविद्युत केंद्र म्हणून सामान्यतः १८९७ चे दार्जिलिंगजवळील सिद्रापोंग गणले जाते.

६/ वीज तारांतून दूर नेता येते. यंत्रांची गती फार दूर नेता येत नाही. म्हणून जलशक्तीच्या आरंभकाळात कारखान्यालाच पाण्याजवळ यावे लागे. गोकाकला गिरणी कड्याशी आली, पाठोपाठ कामगारांची वस्ती आली.

७/ धबधब्याचे सौंदर्य आणि सामर्थ्य, दोन्हींचे मूळ एकच : पाण्याचे पडणे. परंतु तोच थेंब एकाच वेळी कड्यावरून आणि नळातून पडू शकत नाही. पावसाळ्यात दोघांनाही पुरून उरते; उन्हाळ्यात वाटणी करावी लागते. पुढे धुपदाळचा बंधारा आणि हिडकलचे धरण झाले, तेव्हा शेतीही या वाटणीत आली.

८/ उन्हाळ्यात दिसणारा कोरडा कडा हाही इतिहासाचाच दस्तऐवज आहे. नदीचे पाणी कोणाकोणाच्या वाट्याला गेले, ते त्यावर वाचता येते.