दाब उतरल्यानंतर

काचबिंदूवर शस्त्रक्रिया करायची ती डोळ्याचा दाब उतरवण्यासाठी. म्हणूनच तो गरजेपेक्षा जास्त उतरला तर काय करायचं, हा प्रश्न शिकता-शिकवताना मागे पडतो. काचबिंदूच्या कामाकडे वळणाऱ्या तरुण नेत्रतज्ज्ञांसाठी हे पुस्तक त्या एकाच प्रश्नावर आहे.

निरोगी डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. तो ६च्या खाली गेला की आपण सावध होतो. पण आकडा म्हणजे आजार नव्हे. दाब ४ असूनही एखाद्या वृद्ध रुग्णाची नजर स्वच्छ राहते. तोच दाब मोठ्या मायनस नंबरच्या तरुण डोळ्यात पडद्याच्या मध्यभागी सुरकुत्या पाडू शकतो, कारण त्या डोळ्याचं पांढरं कवच लवचीक असतं आणि सैलावतं. असा रुग्ण दाराची चौकट वाकडी दिसते म्हणाला, तर त्याचं म्हणणं टोनोमीटरइतक्याच गांभीर्याने घ्या.

प्रश्न जुना आहे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातले रॉबर्ट हेन्री एलियट १९०९च्या सुमारास कवचाला आरपार छिद्र पाडून पाण्याला वाट देत. त्या वाटेवर अटकाव नव्हता. केर्न्स यांनी १९६८ मध्ये ट्रॅबेक्युलेक्टॉमी मांडली. तीत छिद्रावर कवचाचाच पापुद्रा टाके घालून बसवतात, म्हणून पाणी बेताने झिरपतं. पुढे मायटोमायसिन आलं, वाट बुजणं कमी झालं, आणि अति वाहणारे, पातळ पडून गळणारे ब्लेब जास्त दिसू लागले.

माझा पहिला आग्रह असा, की पाण्याचं काय होतंय ते शोधा आणि मगच हात लावा. फ्लुओरेसिनची ओली पट्टी ब्लेबवर टेकवा, स्लिट लॅम्पचा निळा प्रकाश सोडा आणि घाई न करता पाहत राहा. गळती असली तर गडद थरातून झळझळीत हिरवा ओघळ खाली उतरतो. गळती नाही पण ब्लेब उंच, पसरट आहे, तर पापुद्र्याखालून पाणी जास्त जातंय. ब्लेब बसलेला आणि डोळ्यात दाह असेल, तर कदाचित पाणी पुरेसं तयारच होत नाही. हा भेद चुकला की उपचार उलटा पडतो. पाणी जास्त जात असेल तर स्टिरॉइडचे थेंब कमी करून जखमेला भरू द्यायचं. दाहामुळे आटलं असेल तर तेच थेंब वाढवायचे.

अ‍ॅट्रोपीन आणि मोठी बँडेज लेन्स यांवर थोडक्यात लिहिलं आहे. ब्लेबवरूनच पापुद्र्याला घालायच्या १०-० नायलॉनच्या टाक्यांना मात्र मुद्दाम जास्त पानं दिली, कारण ते जमले तर अनेकदा मोठी दुरुस्ती टळते. सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळ डोळे आपणहून सावरतात. भिंग कॉर्नियाला टेकलं असेल, तर मात्र पुढचा कप्पा त्याच दिवशी भरायचा.

शेवटचं प्रकरण नळ्यांचं. झडप नसलेल्या नळीवर बांधलेला विरघळणारा टाका साधारण पाच-सहा आठवड्यांनी सुटतो आणि दाब एकाएकी कोसळू शकतो. रुग्ण तोवर गावी गेलेला असतो. म्हणून तो आठवडा त्याच्या कागदावर ठळक लिहा, आणि नजर अचानक धूसर झाली किंवा डोळा ठणकू लागला तर त्याच दिवशी यायला सांगा.