अर्धा एमएल

दातांच्या डॉक्टरांचा माणूस दुकानात आला की हमखास मागायचा ते झायलोकेन दोन टक्के, आणि त्यातलीच अ‍ॅड्रेनॅलिनवाली बाटली. तीस एमएलची काचेची कुपी, रबरी बूच, वर अ‍ॅल्युमिनियमचं टोपण. वडिलांनी कराडात औषधांचं दुकान काढलं, पुढे मी ते चालवलं. वीज गेली तरी ती कुपी कुठल्या खणात आहे हे हाताला ठाऊक असायचं. आता तेच औषध माझ्या कंबरेत जाणार आहे, आणि तेही एका जागी फार तर अर्धा एमएल. मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात, त्यांच्याकडून कळ वर नेणाऱ्या बारीक नसा काही वेळ बधिर करून बघायच्या, असं वेदनातज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘वयानुसार झीज’ एवढंच लिहून मला आधी एका ठिकाणहून परत पाठवलं होतं. त्यामुळे कोणीतरी जागा शोधायला निघालं आहे याचंच मला समाधान वाटलं. आयुष्यभर जे विकलं त्याची हकिगत माहीत असावी, म्हणून वाचत गेलो.

कंबरेचं दुखणं आमच्या मुलखाला नवं नाही. उसण भरली की पायाळू माणूस गाठायचा आणि त्याच्याकडून कंबरेत हलकी लाथ मारून घ्यायची, ही रीत मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या आळीत एक पायाळू काकू होत्या. सकाळी त्यांच्या दारात वाकलेली माणसं उभी असायची. त्याने भागलं नाही तर बिब्बा, आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे डाग देणं, तापल्या सळईचा चटका. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. तिच्यावर चरकसंहितेत शिरावेध, बस्ती आणि अग्निकर्म सांगितलं आहे, तर सुश्रुताने गुडघ्याच्या चार बोटं वर किंवा खाली शीर सोडायला सांगितली. उपाय पटो न पटो, दुखतं कुठे आणि हात कुठे घालायचा याचा इतक्या बारकाईने विचार झाला होता, हे मला मोलाचं वाटतं. पण कातडीवरच्या चटक्यापासून आतल्या नसेपर्यंत जायचं तर माणूस जागा ठेवून त्याचा तेवढाच भाग बधिर करणारं काहीतरी हवं होतं.

ते सापडलं कोकाच्या पानांत. जर्मनीत गॉटिंगनला आल्बर्ट नीमनने 1860च्या सुमारास त्यातून कोकेन वेगळं काढलं. पुढची वीसेक वर्षं त्याचं काय करायचं हे कोणाला कळलं नाही. चाखल्यावर जीभ बधिर होते हे अनेकांनी लिहून ठेवलं होतं. तिथून डोळ्यापर्यंत विचार नेला तो व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड तेव्हा कोकेनवर लिहीत होता. 1884 साली कोलरने आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात कोकेनचे थेंब घातले आणि बुबुळाला टाचणीने स्पर्श करून पाहिला. कळलंच नाही. 15 सप्टेंबर 1884 रोजी हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हे जाहीर झालं. प्रवासाला पैसे नसल्यामुळे कोलर स्वतः गेला नव्हता. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला.

बातमी काही आठवड्यांत न्यूयॉर्कला पोचली. तिथे विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी औषध पृष्ठभागावर न टाकता थेट नसेजवळ टोचलं. जबड्यातली एक नस गाठली की त्या बाजूचे खालचे दात बधिर. आमच्या दुकानातून दातांच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या प्रत्येक कुपीमागे हीच युक्ती होती. पण हे प्रयोग त्यांनी एकमेकांवर केले, आणि कोकेनचं व्यसन काय असतं हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. हॉल्स्टेड त्यात पुरता अडकला. उपचारांसाठी रुग्णालयात राहिला, पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रियेचा पहिला प्राध्यापक म्हणून नावाजला, आणि तरी कोकेनच्या जागी आलेल्या मॉर्फिनने त्याला अखेरपर्यंत सोडलं नाही. नस बधिर करण्याला डॉक्टर म्हणतात त्या नुसत्या ‘ब्लॉक’ या शब्दामागे या माणसाचं आयुष्य आहे, हे मला विसरता येत नाही.

मग मणका. कील शहरात ऑगस्ट बीअर या सर्जनने ऑगस्ट 1898मध्ये मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात कोकेन सोडून एका मजुराच्या घोट्याची शस्त्रक्रिया केली. रुग्णांना भूल उत्तम मिळाली, पण नंतर डोकं भयंकर दुखू लागलं. हे का होतं ते कळावं म्हणून बीअरने स्वतःच्याच मणक्यात सुई घालून घेतली. सहायक हिल्डेब्रांटने सुई नीट घातली, पण सिरिंज सुईच्या तोंडावर बसेना. औषध सांडलं आणि मणक्यातलं पाणीही बरंच वाहून गेलं. तेव्हा हिल्डेब्रांट स्वतः आडवा झाला. औषध चढल्यावर बीअरने त्याच्या मांडीत सुई खुपसली, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला. त्याला काही लागलं नाही. संध्याकाळी दोघांनी वाइन घेऊन जेवण केलं. दुसऱ्या दिवशी हिल्डेब्रांटच्या नडगीवर काळेनिळे वळ उठले होते, आणि बीअरला उभं राहिलं की डोकं फुटेलसं व्हायचं, आडवं झालं की थांबायचं. नऊ दिवस तो अंथरुणाला खिळला. पाणी गळल्यामुळे डोकं दुखतं, हा त्याने काढलेला निष्कर्ष आजही बरोबर धरला जातो.

हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, मणक्यात सुई नकोच. धाकटीच्या वेळी घेतली, तेव्हापासून माझी कंबर गेली ती गेलीच.” असं म्हणणाऱ्या बायका काउंटरवर मी अगणित ऐकल्या. बाळंतपणात मणक्याजवळची भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून पाहिली, तर कायमच्या पाठदुखीत फरक आढळत नाही. माझी सुई तर त्या पाण्याच्या पिशवीपर्यंत जाणारच नाही, हाडाच्या मागच्या अंगालाच थांबेल. पण तिच्या सांगण्यातली खरी गोष्ट वेगळी आहे. सिझेरियननंतर पोर कडेवर, पाण्याच्या कळश्या, खालच्या ओट्यावरचा स्वयंपाक, आणि दुखतं म्हटलं तर सुईवर खापर फोडून विषय बंद. नक्की कुठे दुखतं, हे तिला कोणी विचारलं नाही.

कंबरदुखीसाठीच म्हणून सुई पहिल्यांदा वापरली गेली ती 1901 साली पॅरिसमध्ये. सिकार आणि कातलँ या दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, माकडहाडाच्या वरच्या नैसर्गिक छिद्रातून औषध वर सोडलं. सिकारचे रुग्ण सायटिकाचे होते. औषध मात्र कोकेनच. त्यातून सुटका हळूहळू झाली. हाइनरिख ब्राउनने औषधात अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलं. रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं, कमी पुरतं. आइनहॉर्नने 1904च्या सुमारास प्रोकेन, म्हणजे नोव्होकेन बनवलं. 1943मध्ये स्टॉकहोमच्या निल्स लफग्रेन यांच्याकडे लिडोकेन तयार झालं. त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट भुलेवरचं पुस्तक उसनं आणून हे औषध स्वतःच्या बोटांत टोचून पाहत असे. आस्त्रा कंपनीने ते 1948मध्ये झायलोकेन नावाने बाजारात आणलं. लुंडक्विस्ट काही वर्षांतच ऐन तरुणपणी वारला. त्याचं नाव कुठल्याही कुपीवर नाही. असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

औषध सुधारलं, पण जुनाट दुखण्याकडे बघण्याची नजर बदलायला दोन महायुद्धं लागली. जखम भरूनही कळ थांबत नाही असे सैनिक पहिल्या युद्धात फ्रेंच सर्जन रने लेरिश यांनी पाहिले. दुखणं म्हणजे शरीराने दिलेला उपयोगी इशारा, ही समजूत त्यांनी नाकारली. असं दुखणं हाच एक आजार आहे, असं ते सांगत राहिले. दुसऱ्या युद्धात हेच अमेरिकेत जॉन बोनिका यांच्यापुढे आलं. इटलीतल्या फिलिकुडी बेटावर जन्मलेला हा भूलतज्ज्ञ शिक्षणाच्या खर्चासाठी कुस्त्या खेळला; सैन्यात असताना मुखवटा घालून आखाड्यात उतरायचा. त्या कुस्त्यांनी त्यांचं स्वतःचं अंग जन्माचं दुखरं केलं. सैनिकांच्या दुखण्यावर एकट्याचं चालत नाही हे बघून ते मेंदूच्या, हाडांच्या आणि मनाच्या डॉक्टरांना जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसवू लागले. 1953मध्ये त्यांचा वेदनेवरचा मोठा ग्रंथ निघाला, आणि 1973मध्ये त्यांच्याच पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. माझे डॉक्टर स्वतःला वेदनातज्ज्ञ म्हणवतात, ती वाट या पैलवानाने पाडली.

मध्यंतरी मणक्यांमधल्या गादीने सगळं व्यापून टाकलं. 1934मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली गादी नस दाबते हे दाखवलं, ते खरंही होतं. 1952मध्ये अशा नसेजवळ हायड्रोकॉर्टिसोन सोडायला सुरुवात झाली. पण कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाची गादी दोषी नसते. मागच्या छोट्या सांध्यांवर संशय घेणारे लोक होते, त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नव्हतं.

1971मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रीस यांनी कातडीतून बारीक पातं घालून या सांध्यांच्या नसा कापतो आणि जवळजवळ सगळे रुग्ण बरे होतात, असं जाहीर केलं. लोकांची रीघ लागली. निकोलाय बोगडुक या शरीररचनेच्या अभ्यासकाने मृतदेहांवर तीच क्रिया करून पाहिली, तर पातं नसेपर्यंत पोचतच नव्हतं! अमेरिकेत शीली यांनी पात्याऐवजी विजेने तापणारी सुई आणली, तिचंही ठिकाण अचूक नव्हतं. मग बोगडुकने 1979च्या सुमारास नसांचा नीट माग काढला. प्रत्येक सांध्याला दोन नसा, एक आपल्या पातळीची आणि एक वरच्या मणक्याची. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधला सांधा दुखत असेल तर तिसरी आणि चौथी नस गाठायची, आणि ती कुठल्या हाडाच्या कुठल्या खाचेत सापडते तेही त्याने दाखवलं. एवढं नेमकं कळल्यावर अर्धा एमएल पुरतो. जास्त सोडलं तर औषध शेजारी पसरतं आणि नक्की काय बधिर झालं ते समजत नाही.

माझी सुई बोगडुकच्या नकाशावर चालणार आहे. पालथं झोपायचं, वर सी-आर्मचं एक्स-रे यंत्र, कातडीला आधी थोडी भूल. नंतर घरी जाऊन पडून राहायचं नाही. वाकायचं, जिना चढायचा, ज्याने ज्याने दुखतं ते सगळं करायचं आणि दर अर्ध्या तासाला दुखणं दहापैकी किती ते लिहायचं. पुन्हा एकदा तेच, पण बुपिव्हाकेन वापरून, कारण त्याचा असर जास्त वेळ राहतो. दोन्ही वेळा त्या त्या औषधाच्या मुदतीपुरतंच दुखणं गेलं, तर जागा सापडली असं धरायचं. एकदाच करून भागत नाही, कारण पहिल्या सुईने बरं वाटलेल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या खेपेला तसं वाटत नाही. दोन्ही निकाल जुळले तर सुईचं टोक 80 अंशांच्या आसपास मिनिट-दीड मिनिट तापवून ती नस निकामी करायची. सहा महिने, वर्षभर आराम, मग नस पुन्हा वाढते आणि हे पुन्हा करता येतं. आणि नाही जुळलं तर ते सांधे संशयातून सुटले. मग माकडहाडाच्या वरच्या हाडाशेजारचा सांधा, नाहीतर गादी.

हे सगळं डॉक्टर कागदावर मणके काढून समजावत होते तेव्हा सौ. शेजारी बसली होती. मधेच तिने बोट ठेवून विचारलं, “आणि इथे, जरा डावीकडे दुखत असेल तर?” पुढच्या महिन्यात तिच्या नावाने वेळ घेतली आहे.