वहिवाट आणि हुकूम : याहू कंपनीतील २०१३ च्या आज्ञेचा विचार

इ. स. २०१३ च्या फेब्रुवारी महिन्यात कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे मुख्य कचेरी असलेल्या याहू कंपनीने आपल्या नोकरवर्गास एक पत्र पाठविले. घरी बसून काम करण्याची व्यवस्था त्या वर्षीच्या जून महिन्यापासून बंद होईल आणि अशा रीतीने काम करणाऱ्यांनी कंपनीच्या कोणत्या ना कोणत्या कचेरीत रुजू व्हावे, असा त्याचा आशय होता. पत्र अंतर्गत स्वरूपाचे होते; परंतु ते तत्काळ वार्ताहरांच्या हाती पडले आणि त्यावर अमेरिकेत व अमेरिकेबाहेरही मोठा वाद माजला. प्रत्यक्ष झळ पोहोचलेल्यांची संख्या मात्र अल्प होती. हजारोंच्या नोकरवर्गात पूर्णवेळ घरून काम करणारे काहीशे लोकच होते. इतक्या थोड्यांना लागू होणाऱ्या आज्ञेने इतका असंतोष का उसळावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगा आहे. हा वाद मुख्यतः कार्यक्षमतेचा नव्हता, तर वहिवाटीचा होता, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

कामाचे स्थळ कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न संगणकाच्या युगात प्रथमच उपस्थित झाला असे नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडात सूत व कापड यांचे बरेचसे उत्पादन कारागिरांच्या घरी होत असे. व्यापारी कच्चा माल पोहोचवी आणि तयार माल उचलून नेई. कामाचे तास मात्र विणकर स्वतः ठरवी. ही पद्धत मागे पडून कारखाना का आला, याविषयी अर्थशास्त्रीय इतिहासात एक प्रसिद्ध वाद आहे. स्टीफन मार्ग्लिन यांनी १९७४ मध्ये असे प्रतिपादन केले की, कारखान्याचे यश यंत्रांच्या श्रेष्ठत्वापेक्षा मालकाला मिळालेल्या देखरेखीच्या व शिस्तीच्या अधिकारात होते. डेव्हिड लँडिस यांनी १९८६ मध्ये त्यास उत्तर देताना यंत्रशक्ती आणि उत्पादनखर्च यांचे महत्त्व पुन्हा पुढे मांडले. या वादाचा अंतिम निकाल लावणे हे येथील प्रयोजन नाही. मालकाने कामगाराला एका छपराखाली आणले म्हणजे त्यात उत्पादनाचा हिशेब किती आणि नियंत्रणाची इच्छा किती, हे वेगळे करून दाखविणे कठीण असते, एवढे त्यावरून ध्यानात ठेवावे.

उलट दिशेचा प्रवाह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. खनिज तेलाच्या टंचाईच्या काळात, १९७३ मध्ये, जॅक निल्स यांनी कामगाराला कामाकडे नेण्याऐवजी दूरसंचाराच्या साधनांनी काम कामगाराकडे नेण्याची कल्पना मांडली व तिला नावही दिले. आयबीएम कंपनीने १९७९ मध्ये पाच नोकरांच्या घरी संगणकाची उपकरणे बसवून प्रयोग केला. १९८३ पर्यंत अशा नोकरांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. पुढे आंतरजालाच्या प्रसाराबरोबर ही पद्धत अनेक कंपन्यांत रुळली. मात्र ती रुळली ती बहुधा कराराच्या कलमाने नव्हे. वरिष्ठाच्या संमतीने, भरतीच्या वेळच्या बोलण्याने आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ती रुळली. पुढील सर्व घटनांचे बीज येथे आहे.

२

याहू कंपनीची स्थिती त्या सुमारास बिकट होती. २०११ च्या सप्टेंबरात मुख्याधिकारी कॅरोल बार्ट्झ यांना दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेले स्कॉट थॉम्पसन २०१२ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंतच टिकले. जुलै २०१२ मध्ये गूगल कंपनीतून मरिसा मेयर यांना आणून त्यांच्या हाती सूत्रे देण्यात आली. ज्या कंपनीत त्यांची सारी कारकीर्द घडली होती, तेथे नोकरांनी एकाच आवारात वावरावे, एकत्र जेवावे आणि त्यातून नव्या कल्पना निघाव्यात, अशी रीत होती. याहूमध्ये त्यांनी मोफत भोजनाची सोय प्रथम केली, आणि घरून काम करण्याची मनाई त्यानंतर आली.

पत्रावर मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख जॅकी रेसेस यांची सही होती. उत्तम निर्णय पुष्कळदा बोळात व उपाहारगृहात होणाऱ्या सहज संभाषणांतून निघतात. घरी काम केल्याने वेग आणि गुण या दोहोंची हानी होते. सर्वांनी एक व्हावयाचे तर प्रथम एकत्र असले पाहिजे, अशी कारणे त्यात दिली होती. याखेरीज एक कारण पत्रात नव्हते, पण वृत्तपत्रांतून आले. घरून काम करणारे नोकर कंपनीच्या संगणकजालाशी किती वेळ जोडलेले असतात याच्या नोंदी मेयर यांनी पाहिल्या व त्यांना त्या समाधानकारक वाटल्या नाहीत, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. सहकार्याची भाषा आणि देखरेखीची गरज या दोन गोष्टी येथे एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. मार्ग्लिन आणि लँडिस यांचा वाद नव्या वेषात पुन्हा उभा राहिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

असंतोषाचे स्वरूप तपासले असता त्यात तीन सूर आढळतात. पहिला सूर लहान मुले असलेल्या नोकरांचा. मेयर यांनी स्वतःच्या तान्ह्या मुलासाठी कचेरीला लागून स्वखर्चाने खोली तयार करून घेतल्याचे वृत्त आल्यावर या सुराला विशेष धार चढली. दुसरा सूर दूरच्या गावी राहणाऱ्यांचा. त्यांच्यापुढे स्थलांतर किंवा राजीनामा एवढेच पर्याय उरले. तिसरा सूर सर्वांत महत्त्वाचा आहे. घरून काम करता येईल या बोलीवरच आपण ही नोकरी पत्करली होती, असे काही नोकरांचे म्हणणे होते. पहिल्या दोन तक्रारींवर सवलतीचा उपाय निघू शकतो, आणि एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने प्रसूतीची व पितृत्वाची रजा वाढविलीही. तिसरी तक्रार मात्र सवलतीने शमणारी नाही, कारण ती शब्द मोडल्याची आहे.

३

हुकूम देणाऱ्यांचा पक्षही निराधार नव्हता. शांघायच्या सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीत निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या डिसेंबरापासून नऊ महिने एक प्रयोग केला. दूरध्वनीवर काम करणाऱ्या २४९ स्वेच्छुक नोकरांपैकी जन्मतारीख सम असलेल्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम करू दिले व इतरांना कचेरीत ठेवले. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु याच प्रयोगाची दुसरी बाजूही आहे : कामगिरीच्या मानाने पाहता घरी बसलेल्यांना बढत्या कमी मिळाल्या, आणि पुढे निवडीची मोकळीक दिल्यावर कित्येक नोकर एकटेपणाला कंटाळून आपण होऊन कचेरीत परतले. मेयर यांनी एप्रिल २०१३ मधील एका परिषदेत स्वतःच मान्य केले की, मनुष्य एकटा असताना अधिक काम उरकतो. परंतु नवकल्पना मात्र एकत्र असताना अधिक सुचतात. कार्यक्षमतेच्या प्रमाणांवरून निकाल एका बाजूस निर्विवाद झुकत नाही. म्हणूनच असंतोषाचे स्पष्टीकरण या प्रमाणांत शोधणे व्यर्थ ठरते.

येथे मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकास एक परिचित गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. वतन-इनामांच्या पत्रांच्या शेवटी बहुधा असे लिहिलेले असते की, प्रतिवर्षी नव्या पत्राचा आक्षेप घेऊ नये. या पत्राची नक्कल ठेवून अस्सल पत्र भोगवट्यासाठी परत द्यावे. हे वाक्य केवळ लेखनाचा सांप्रदाय नव्हे. नवा कमाविसदार किंवा नवा धनी आला म्हणजे तो मागील देणगी मानील की नाही, ही भीती त्यामागे आहे. देणाऱ्याच्या मनात ती मेहेरबानी असते, घेणाऱ्याच्या अनुभवात मात्र काही वर्षांनी ती हक्क होते. आणि या दोन समजुतींतील अंतर राज्य बदलताच उघडे पडते. वतनदाराजवळ निदान कागद तरी होता. याहूच्या नोकराजवळ बोलाचालीपलीकडे काही नव्हते. ही तुलना अर्थातच मर्यादित आहे. वतन वंशपरंपरेचे, तर नोकरी कराराची. पण वहिवाट आणि हुकूम यांच्या संघर्षाची जात एकच आहे.

४

हे अनुमान इतर उदाहरणांवर घासून पाहता येईल. त्याच वर्षी, मार्च २०१३ मध्ये, बेस्ट बाय या विक्रीव्यवसायातील कंपनीने आपल्या मुख्य कचेरीतील, केवळ फलनिष्पत्तीवर काम मोजण्याची पद्धत बंद केली. तेथेही मुख्याधिकारी ह्यूबर्ट जोली आदल्या वर्षीच आले होते व कंपनी संकटात होती. ट्विटर कंपनीने मे २०२० मध्ये नोकरांना कायम घरून काम करण्याची मुभा जाहीर केली होती. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस कंपनी इलॉन मस्क यांच्या ताब्यात गेली आणि दोन आठवड्यांच्या आतच ती मुभा रद्द झाली. येथे तर 'कायम' हा शब्दही उच्चारला गेला होता. त्याचे आयुष्य अडीच वर्षांचे ठरले.

मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीचे उदाहरण अनुमानाला आवश्यक ती मुरड घालते. २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी २५ टक्क्यांहून अधिक नोकरांनी कचेरीत असण्याची गरज राहणार नाही, असे धोरण तिने २०२० मध्ये सांगितले होते. जून २०२३ मध्ये के. कृतिवासन मुख्याधिकारी झाले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्याची आज्ञा निघाली. तथापि आठवड्यातून तीन दिवस येण्याचा आग्रह त्यांच्या पूर्वाधिकाऱ्यांच्या काळी, २०२२ मध्येच सुरू झाला होता. नवा अधिकारी हे एकमेव कारण नसते, हे यावरून स्पष्ट होते. जुनी वहिवाट मोडण्याची इच्छा संस्थेत आधीपासून असू शकते. मागील शब्दाने व्यक्तिशः बांधलेला नसल्यामुळे नव्या अधिकाऱ्यास ती पूर्णत्वास नेणे सोपे जाते.

सारांश, घरातून काम की कचेरीतून, या प्रश्नाचे सर्वकाळ सत्य असे उत्तर या घटनांतून निघत नाही. निघते ते एवढेच की, ज्या व्यवस्थेवर माणसे आपले बिऱ्हाड, मुलांची शाळा आणि वृद्ध आईबापांची सेवा आखतात, ती व्यवस्था वरिष्ठाच्या मर्जीवर ठेवली असेल, तर ती मर्जी बदलण्याचा सारा खर्च कनिष्ठावर पडतो. याहूचा मुख्य व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझन कंपनीस विकला गेला आणि मेयर यांनीही पद सोडले. ज्या हुकुमासाठी काहींनी गाव सोडले व काहींनी नोकरी, तो देणारी सत्ता चार वर्षांत संपली. असंतोषाच्या इतिहासाचे मोजमाप करताना केवळ आज्ञापत्रातील कारणे न वाचता, ती आज्ञा निघण्यापूर्वी कोणता शब्द कोणी कोणास दिला होता, याचा शोध घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.